रिकाम्या खुर्चीची व्यवस्था

करकर. मग जरा थांबून, टक.

बावीस वर्षांपूर्वी एका शनिवारी दुपारी तीन वाजता हा आवाज मी भिंतीपलीकडून ऐकला आणि तो अजून माझ्या कानातून गेलेला नाही. मृत्युपत्राची सुरुवात आवाजाने करू नये हे मला ठाऊक आहे. परंतु या कागदातली प्रत्येक वाट फिरून फिरून त्या आवाजापाशीच येते, म्हणून तो आधी लिहून टाकला. आता रीतसर.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्वी प्राथमिक शाळेत मास्तर, त्यातच एकतीस वर्षे येथील ख्रिस्ती मंडळीचा पाळक, सध्या काही नाही, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, हात कापतो पण तो भीतीने नव्हे, आणि हा कागद मी कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने लिहीत नाही. लाडीगोडी चालू आहे. ती कलम दोनमध्ये येईल.

बुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. ते म्हणाले, "आजोबा, शंभरातून सात सात वजा करत या बघू." मी म्हटले, "त्यापेक्षा चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता म्हणतो. अकरा कडवी आहेत." सातव्या कडव्याला त्यांनी सही करून टाकली. सही करताना त्यांनी माझ्या जावयाकडे का पाहिले, हे मला कळलेले नाही. नोंद असावी.

यापूर्वीची माझी तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. या कागदाच्या प्रत्येक पानावर क्रमांक आहे, तळाशी आडवी रेघ आहे आणि रेघेखाली त्या पानावरच्या ओळींची संख्या आहे, जेणेकरून मागाहून कोणाला एखादी ओळ सरकवण्याची इच्छा झाली तर तिला जागा मिळू नये. शाई माझी. पेन माझे. काल ते टेबलाच्या उजव्या बाजूला ठेवले होते, आज डाव्या बाजूला सापडले.

सर्वांत प्रथम मी माझा आत्मा देवाच्या स्वाधीन करतो. हे वाक्य पहिले असायला हवे होते. मंडळीतल्या किती तरी लोकांची मृत्युपत्रे मी स्वतः लिहून दिली आणि प्रत्येकाला बजावले, "देव पहिला, घरदार मागून." स्वतःच्या वेळी मात्र आवाज पहिला, मग माझे वय, मग डॉक्टर, मग पेन, आणि देव पाचवा आला. पान फाडून पुन्हा लिहिता आले असते. पण मग ओळींची संख्या चुकली असती.

कलम एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, हे माझ्या एकुलत्या एका लेकीचे. पुढच्या खोलीच्या खिडकीची कडी अर्धवट लागते, ती लागली असे समजू नये. पूर्वेच्या भिंतीवर एका ठिकाणी रंग विरलेला आहे. तिथे मी दर शुक्रवारी रविवारच्या उपदेशाचे मुद्दे खडूने लिहीत असे आणि सोमवारी माझे कुटुंब ते ओल्या फडक्याने पुसत असे. ती जाऊन सहा वर्षे झाली. एकतीस वर्षांच्या उपदेशांतले आता काही शिल्लक नाही, ती विरलेली जागा तेवढी आहे. तिथे रंग देऊ नये.

कलम दोन. जावई. विम्याचा एजंट आहे. माणूस वाईट म्हणता येणार नाही, कारण तसे म्हणायला त्याने अजून सापडू दिलेले नाही. दर आठवड्याला बिनसाखरेची बिस्किटे आणतो. "बाबा, तुम्ही फक्त आराम करा, बाकीचं मी बघतो," असे म्हणतो. बाकीचे म्हणजे काय, हे मी दोनदा विचारले, दोन्ही वेळा हसला. चार महिन्यांपूर्वी पुढची खोली फुटपट्टीने मोजली. कशाला, तर म्हणे पडद्यासाठी. पडदा आलेला नाही. त्याला मी माझा जुना चष्मा देतो. नंबर जुळणार नाही, पण त्यातून पाहिले की समोरची वस्तू लांब दिसते. हे घर त्याला तेवढ्या अंतरावरून दिसावे अशी इच्छा आहे.

कलम तीन. बँकेत जे निघेल ते लेकीचे. लिहिण्यासारखे त्यात काही नाही.

कलम चार. कविता. मला एकशे चार कविता पाठ आहेत, सगळ्या शाळेच्या पुस्तकांतल्या. दुपारच्या सुट्टीनंतरचा पहिला तास कवितेचा. चाळीस पोरे बाकांवर पाय हलवत एका सुरात म्हणत. ओळ संपली की सगळ्यांचे पाय एकदम थांबत. दुसरी ओळ सुरू झाली की पुन्हा हलत. उन्हाचा चौकोन फळ्यावरून सरकत सरकत दाराशी गेला की तास संपे. घड्याळ मी कधी पाहिले नाही. त्या वर्गात बसून मला वाटे, स्वर्ग असलाच तर तिथे हजेरी नसेल, गृहपाठ नसेल, कवितेचा तास मात्र असेल. उपदेशातही मी हे एकदा बोलून गेलो होतो आणि पंचकमिटीतल्या दोघांना ते आवडले नव्हते. दोघेही आता नाहीत. खरेखोटे त्यांना कळले असेल.

या कविता मी लेकीला देतो. देता येत नाहीत हे मला कळते. लहानपणी माझी नदीची कविता पाचव्या कडव्याला पोचली की ती झोपत असे, म्हणून तिला शेवट माहीत नाही. शेवटच्या कडव्यात नदी समुद्राला मिळते. एवढे तिला सांगावे.

कलम पाच. खुर्ची. हे कलम नीट वाचावे, कारण भांडण यावरच होणार आहे.

मी पाळक झालो त्या वर्षी मंडळीच्या सुताराकडून एक खुर्ची करून घेतली. सागवानी, सरळ पाठीची, वेताच्या बैठकीची. ती प्रार्थनाघरात पहिल्या रांगेच्याही पुढे ठेवली आणि जाहीर केले की ही प्रभूची खुर्ची. कोणी बसायचे नाही. मंडळीचा पुढारी म्हणवणाऱ्याने तर नाहीच. पंचकमिटीच्या सभेला ती टेबलाच्या टोकाशी यायची, मी तिच्या उजव्या हाताला बसायचो. प्रश्न निघाला की सगळ्यांनी तिच्याकडे तोंड करून गप्प राहायचे. मग मी सांगायचो काय करायचे ते. छप्पर आधी की विहीर, कोणाला मंडळीत घ्यायचे, कोणाला बाहेर ठेवायचे, सगळे त्या खुर्चीपुढे ठरले. देवाला पहिली जागा देणे म्हणजे बोलण्यात देणे नव्हे, लाकडात देणे, असे मी म्हणे. लांबलांबचे पाळक ती पाहायला येत.

खुर्चीचा पुढचा डावा पाय किंचित आखूड आहे. कोणी बसले की वेत करकरतो आणि पाय जमिनीला टेकतो, टक. सुतार म्हणाला होता, "पाचर मारून देतो." मी म्हटले, "राहू दे. कोणी बसलं तर कळेल."

नवे पाळक आले, त्यांना खुर्ची वाटेत आली. दोन वर्षांपूर्वी ती माझ्या घरी पोचती झाली आणि आता माझ्या टेबलाच्या टोकाशी रिकामी उभी आहे. मंडळीला पन्नास वर्षे होणार म्हणून आता त्यांना ती परत हवी आहे, काचेच्या पेटीत, दोरी लावून. तीन पत्रे आली. तिसऱ्यात मला "आदरणीय" लिहिले आहे, पहिल्या दोन्हींत नव्हते. म्हणून खुर्ची त्यांना मिळू नये. ती लेकीकडे राहावी, रिकामीच राहावी आणि तिच्यावर जावयाने बसू नये, कपडेही टाकू नयेत.

कलम सहा. पेटीवाला. तो माझा मदतनीस होता. मंडळीची पायपेटी वाजवी, आजाऱ्यांना भेटे, मी तापाने पडलो तर उपदेशही करी. लोकांना त्याचे उपदेश आवडत, कारण ते लहान असत. माझ्यानंतर तोच, असे सगळे धरून चालले होते. मीही.

मग बैठकीचा वेत सैल पडू लागला. ज्या खुर्चीवर कोणी बसत नाही तिचा वेत सैल का पडावा? मी वहीत अकरा जणांची यादी केली. एकेकाचे नाव खोडत गेलो आणि पेटीवाला उरला. पडताळा म्हणून त्या शनिवारी बैठकीवर पांढऱ्या खडूची बारीक भुकटी शिंपडली आणि शेजारच्या कचेरीत दार लावून बसलो. तीन वाजता आवाज आला. करकर, टक. मी लगेच उठलो नाही. आधी प्रार्थना केली, कारण रागात जाऊ नये. पाच मिनिटांनी बाहेर आलो तर तो खुर्चीपाशी उभा. कोटाची उजवी बाही कोपरापासून मनगटापर्यंत पांढरी. प्रार्थनाघर झाडायला आलेले माझे कुटुंब दाराशी झाडू घेऊन उभे होते, तिला मी घरी जायला सांगितले.

मी विचारले, "तू या खुर्चीवर बसलास?"

तो दाराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खुर्चीलाच विचारा, मास्तर. तिचं बोलणं तुम्हालाच ऐकू येतं. गंमत एवढीच, की ती बोलते तुमच्याच आवाजात."

दुसऱ्या दिवशी भर उपासनेत मी त्याला मंडळीबाहेर केले. देवाच्या जागेवर डोळा ठेवणारा माणूस, असे शब्द वापरले. तो उठून गेला. तेव्हापासून पायपेटी बंद आहे आणि मंडळी बेसूर गाते. त्याला माफी नाही आणि काही देणेही नाही. फक्त पायपेटीची एक पितळी स्वरपट्टी, जी तो घासून सारखी करायला काढून ठेवून गेला, ती माझ्या खणात आहे. पंच म्हणत राहिले की जाताना त्याने ती पळवली. मला ती महिन्याभरात कचेरीत सापडली होती. कोणी मला विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

(पान संपले. ओळी एकतीस.)

वरचे कलम सहा सकाळी लिहून झाले. आता दुपारचे अडीच वाजले आहेत आणि मधल्या वेळात जे घडले ते खाली लिहितो. वरचे खोडत नाही. खोडले तर काय खोडले म्हणून लोक तर्क करतील.

साक्षीदार दोन लागतात. पहिला साक्षीदार म्हणून मी सुताराला बोलावले. तोच, खुर्चीवाला. एक कान गेलेला आहे पण नजर रंध्यासारखी आहे. दुसरा साक्षीदार लेक आणणार आहे. कोण, ते सांगत नाही. महिनाभर ती गॅलरीत उभी राहून हळू आवाजात फोन करते. मी गेलो की म्हणते, "काही नाही बाबा, ऑफिसचं." मी म्हटले, "नाव तर सांग." तर म्हणते, "आधी भेटा तर." जावयाचा साहेब असेल किंवा घरांची खरेदी-विक्री करणारा एखादा. तिच्या आईच्या शेवटच्या आजारातही या मायलेकी अशाच कुजबुजत आणि मी खोलीत आलो की गप्प होत. घराबद्दलच असणार, अशी माझी तेव्हापासूनची खात्री आहे.

तर सुतार बारा वाजता आला. म्हणाला, "वाचून दाखवा. न वाचता मी एकदाच सही केली, लग्नाच्या वहीत."

"साक्षीदाराने फक्त सही पाहायची असते."

"मग डोळे मिटून पाहतो. वाचा."

मी वाचले. चांगल्या कानाकडे बसून, सगळे. जावयाच्या चष्म्याला तो हसला. नदीला मान हलवली. कलम सहाला हसला नाही.

"मास्तर, खडू कुठं लागला होता म्हणालात?"

"बाहीला. उजव्या."

"आणि मागं?"

"मागं काय?"

"अहो, पँटीला. बसायच्या जागी."

मी डोळ्यांपुढे तो शनिवार आणला. पेटीवाला वळून चालत गेला होता. त्याची पाठ मी दारापर्यंत पाहिली होती. काळी पँट होती. स्वच्छ.

"मागं नव्हता."

"मग बाहीनं कोण बसतं, मास्तर?"

एखादे गणित चाळीस पोरांना दरवर्षी चुकीचे शिकवत आलो आणि शेवटच्या बाकावरच्याने उठून फळ्याकडे बोट केले, तसे मला झाले. मी म्हटले, "आवाज मी स्वतः ऐकला."

"आवाज खोटा कोण म्हणतंय? कोणीतरी बसलंच होतं. ह्यानं उठवून बाहीनं खडू पुसला."

तो उठला आणि माझ्या परवानगीची वाट न पाहता त्याने प्रभूची खुर्ची उलटी केली. "हा वेत मी भरलाय. चौथ्यांदा. दोनदा तो पेटीवाला असताना आणि दोनदा तो गेल्यावर. शेवटचा सात वर्षांपूर्वी."

"कोणी सांगितलं भरायला?"

त्याने खुर्ची सुलटी केली, बैठकीवर हात फिरवला, मग म्हणाला, "बाईंनी."

मी टेबलावरचे पेन उचलून पुन्हा होते तिथेच ठेवले.

"म्हणायच्या, मास्तरांना कळवू नका, उगीच यादी काढून बसतील. आता तुम्ही विचारलंत म्हणून. आणि हे बघा, मागचा वेत कोरा आहे. पुढं चार बोटं तेवढा झिजलाय. म्हणजे बसणारं माणूस कधी टेकलंच नाही. कडेवर बसायचं. उठायच्या तयारीत."

सेहेचाळीस वर्षे मी तिला सांगत होतो, "जरा नीट टेकून बस, कुणी हाकलत नाहीये तुला." जेवताना कडेवर, लेकीच्या लग्नात कडेवर, दवाखान्याच्या बाकावर कडेवर. दूध उतू जाईल, दार वाजेल, मी हाक मारीन. तिच्या कपड्यांना खडू मी त्या दिवशीही पाहिला असेल. पण माझे कपडे तीच धूत असल्याने तिला खडू नेहमीच लागलेला असे.

माझ्या यादीत अकरा नावे होती. सुताराचे होते, पाणी सोडणाऱ्या म्हाताऱ्याचे होते, चौदा वर्षांच्या एका मुलीचेही होते. तिचे नव्हते. विश्वास होता म्हणून नव्हते असे लिहायला मला आवडले असते. ती माझ्या लक्षातच आली नव्हती.

मी सुताराला विचारले, "बसून काय करायची?"

"एकदा वेत घेऊन मी लवकर पोचलो. बाई बसलेल्या, झाडू मांडीवर आडवा. बोलत होत्या. मला वाटलं तुम्ही समोर आहात. तर कोणीच नाही."

"काय बोलत होती?"

"बारीकसारीक. गुडघा दुखतोय. लेकीचा खोकला जात नाही. मधेच हसल्याही, समोरच्यानं काही म्हटल्यासारख्या."

"माझ्याबद्दल?"

तो म्हणाला, "म्हणत होत्या, ह्यांना तुझ्या कामातून आज जरा लवकर सोड. पोर वाट बघत जेवायची थांबलीय."

एवढे सांगून तो पाणी प्यायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. त्याला तहान नसावी. संशय घेण्याची मला सवय आहे, पण हा संशय चांगला आहे.

आता जे मलाच माहीत आहे ते लिहितो. त्या शनिवारी संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ती म्हणाली, "तो बसला नव्हता हो." मी म्हटले, "तुला काय कळतं त्यातलं?" ती म्हणाली, "ऐका तरी. मी सांगते कोण..." आणि मी हात वर केला. माझी प्रार्थनेची वेळ झाली होती. देवाच्या वेळेत मी कोणाला बोलू देत नसे. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती भांडी घासत होती. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही आणि मी तिला आज्ञाधारक समजलो.

त्याने दाराकडे पाहिले होते. मी विचारले तेव्हा तो दाराकडे पाहत राहिला आणि दारात ती होती. ती बोलली असती तर दुसऱ्या दिवशी मी भर मंडळीत काय केले असते, हे त्याला माझ्यापेक्षा नीट ठाऊक होते. म्हणून त्याने मला डिवचले. राग स्वतःवर ओढून घेतला आणि बायको, दोन ट्रंका आणि लहान उपदेश घेऊन निघून गेला.

याप्रमाणे वस्तुस्थिती समजल्याने पुढील कलमे लिहितो. ती वरच्या कलमांना मारक समजावीत.

कलम सात. कलम सहा रद्द. पेटीवाला त्या खुर्चीवर बसला नव्हता. मी भर उपासनेत त्याच्याबद्दल जे बोललो ते खोटे होते. मला ते खरे वाटत होते, पण ऐकणाऱ्यांना त्याने काही फरक पडत नाही. हे कलम नव्या पाळकांनी रविवारी पहिल्या गीताच्या आधी, त्याच व्यासपीठावरून, मोठ्याने वाचावे. ते मधले एखादे वाक्य गाळतील अशी शंका आहे. म्हणून एक प्रत सुताराकडे राहील आणि तो पहिल्या रांगेत, चांगला कान पुढे करून बसेल. यासाठी मी मरण्याची वाट पाहू नये, हे आता लिहिता लिहिता सुचले. उद्या रविवारच आहे. चालवले तर मी स्वतः वाचीन.

कलम आठ. पितळी स्वरपट्टी पेटीवाल्याला मिळावी. तो कुठे आहे, आहे की नाही, मला माहीत नाही. लेकीने शोध घ्यावा. त्या वेळी ती तेवीस वर्षांची होती, तिला त्याचा चेहरा आठवत असेल. पट्टीसोबत माझे पत्र द्यायचे होते. चार वेळा लिहिले. चारही वेळा दुसऱ्या ओळीपासून मी समजावून सांगायला लागलो. म्हणून पत्र नाही. फक्त पट्टी.

कलम नऊ. कलम पाचमधली खुर्चीची व्यवस्थाही रद्द. खुर्ची प्रार्थनाघराला परत जावी, पण पेटीत नाही, दोरीत नाही आणि पुढे तर मुळीच नाही. ती दाराशी ठेवावी. जो दमून आत येईल त्याने तिच्यावर बसावे. नव्या पाळकांनीही बसावे, मात्र खरेच दमले असतील तर. तिच्या उजव्या हाताला कोणी आपली खुर्ची लावू नये. मी एकतीस वर्षे ती जागा देवासाठी रिकामी ठेवतो असे समजत होतो आणि मधल्या काळात देव तिथे बसून माझ्या बायकोचे गुडघे ऐकत होता. मला ते ऐकू आले नाही, कारण मी कचेरीत दार लावून पाळत ठेवत होतो. आखूड पायाला पाचर मारू नये. खुर्ची इथून हलेपर्यंत हाच नियम या घरातही लागू.

कलम दहा. सुतार साक्षीदार असल्याने त्याला या मृत्युपत्रान्वये काही देता येत नाही, कायदा तसा आहे. हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे माझा रंधा गेला?" त्याच्या वडिलांचा रंधा मी एकोणीस वर्षांपूर्वी दार घासायला आणला होता. तो त्याला आत्ताच परत केला आहे. त्याचीच वस्तू परत करणे ही देणगी होत नाही. पाते गंजले आहे. त्याने नुसते पात्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिले.

कलम दोनबद्दल. जावई आत्ता दुपारी येऊन पडदा लावून गेला. निळा आहे. मापात बसला. चष्मा तरीही त्यालाच.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, ओळी मोजून, समजून उमजून लिहिले आहे. कोणाला कमी वाटले तर माझ्याकडे होते तेवढेच होते. कोणाला जास्त वाटले तर त्याने ते दाराशी ठेवावे.

सही करणारा: मास्तर. (सही केली. कापली, पण माझीच आहे.)

साक्षीदार पहिला: सुतार. (माझ्यासमोर, जीभ बाहेर काढून, सावकाश.)

साक्षीदार दुसरा:

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली, निळ्या पडद्याजवळ.

दिनांक: महिन्याचा दुसरा शनिवार, सायंकाळचे पाच.

दुसऱ्या साक्षीदाराची ओळ तूर्त रिकामी ठेवत आहे. कारण खाली नोंदवतो.

पाचला पाच कमी असताना जिन्यावर दोन माणसांची पावले वाजली. एक लेकीची. दुसरी सावकाश, प्रत्येक पायरीवर आधी टाच मग चवडा, जसे कोणी भाता मारत वर येत आहे. मी सुताराकडे पाहिले. त्याला ऐकू आले नव्हते.

लेकीने किल्लीने दार उघडले. म्हणाली, "बाबा, रागावू नका. आईनं जाताना माझ्याकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं, ह्यांना एकदा घरी आण म्हणून. पत्ता काढायला सहा वर्षं लागली. आणि यायला तयार करायला एक महिना."

तिच्या मागे एक म्हातारा उभा होता. केस सगळे पांढरे. काळा कोट.

कायद्याप्रमाणे साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही. कलम आठमध्ये त्याला स्वरपट्टी मिळते. तेव्हा दुसरा साक्षीदार पुन्हा शोधावा लागेल आणि या कागदाला आज अर्थ नाही. लेकीला हे सांगायचे सोडून मी खुर्च्या मोजू लागलो.

खोलीत चार खुर्च्या आहेत. एकीवर मी, एकीवर सुतार, एकीवर जावयाने पडद्याचे उरलेले कापड आणि हातोडी ठेवलेली. टेबलाच्या टोकाशी चौथी.

तो जिना चढून दमला होता. दाराच्या चौकटीला हात टेकून त्याने श्वास घेतला, आधी त्या खुर्चीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

म्हणाला, "मास्तर, कुठं बसू?"